आठवी ‘ब’ आणि खिडकीजवळची खुर्ची

बी.एड.च्या सरावात मुलांचं निरीक्षण करायला शाळेत गेलो, तेव्हा पहिल्या दिवशी मी आठवी ‘ब’च्या शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तास संपल्यावर लक्षात आलं, की पस्तीस मिनिटं मी नुसत्या पाठी बघत होतो. मुलं बघायची तर चेहरे दिसायला हवेत. दुसऱ्या दिवशी पुढे, खिडकीच्या कडेला खुर्ची टाकली. मग दोन दिवस सगळा वर्ग माझ्याकडेच बघत होता, तिसऱ्या दिवशी विसरला. त्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या नोंदींवर फार विसंबू नका.

यंदा बी.एड.ला आलेल्यांसाठी हे लिहितोय. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात शाळेतली आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन करायचा सराव, २० आठवड्यांची : पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. हे दिवस टाचणं (पाठाचे लेखी आराखडे), पाठ आणि सह्या गोळा करण्यात जातात आणि निरीक्षण वही शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जाते. पहिल्या वर्षी मीही तशीच भरली होती. सहीसुद्धा मिळाली!

दुसऱ्या वर्षीची माझी सुरुवातीची एक नोंद अशी होती : ‘क्र. १७. उद्धट. वाचायला सांगितलं की उभा राहतो, तोंड उघडत नाही.’ मार्गदर्शक मॅडमनी ‘उद्धट’ला गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘हे दिसलं की वाटलं?’

त्या दिवसापासून मी पानाला मधोमध घडी घालू लागलो. डावीकडे वेळ आणि जे डोळ्यांना दिसलं, कानांना ऐकू आलं तेवढंच. उजवीकडे माझे तर्क, तेही घरी गेल्यावर. ‘लाजाळू’, ‘आळशी’, ‘चुणचुणीत’ हे शब्द डावीकडे येऊ द्यायचे नाहीत. सोपं वाटतं, पण मला जमायला पंधरा दिवस लागले.

आता क्र. १७ची डावी बाजू वाचा. गणिताच्या तासाला न बोलावता फळ्याशी जातो, मुकाट्याने उदाहरण सोडवून येतो. मधल्या सुट्टीत मैदानावर घसा फाडून ओरडतो. मराठीच्या तासाला प्रकट वाचन आलं की गप्प. तिसऱ्या आठवड्यात सरांनी फारच आग्रह केला तेव्हा त्याने एक ओळ वाचली. मधेच आवाज चिरकला, मागचे दोघं फिसकन हसले, तो खाली बसला. आवाज फुटत होता त्याचा. या वयात मुलांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज ताब्यात यायला काही महिने जातात. त्यात भर म्हणजे मानसशास्त्रज्ञ एल्काइंड यांनी १९६७ मध्ये मांडलेला ‘काल्पनिक प्रेक्षक’ : सगळे आपल्याकडेच बघताहेत असं किशोरवयात सतत वाटत राहणं. परीक्षेत मी यावर टीप लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. त्याच प्रेक्षकाला घाबरणारा मुलगा समोरच्या बाकावर होता आणि मी त्याला उद्धट ठरवून मोकळा झालो होतो. पुढे सरांनी गटवाचन सुरू केलं. तो गटात ओठ हलवायचा. आवाज काढत होता की नाही, देव जाणे.

दुसरी चूक तर लाजच आणणारी. एक मुलगी उन्हाच्या तडाख्यात कमरेला स्वेटर बांधून बसली होती, खेळाच्या तासालाही उठली नाही. मी उजवीकडे लिहिलं, ‘फॅशन?’ माझ्याबरोबरच्या छात्राध्यापिकेने (तीही बी.एड.चीच) वही बघून कपाळाला हात लावला, उठली आणि त्या मुलीला शिक्षिकांकडे घेऊन गेली. मुलगे असोत की मुली, एकट्याच्या नजरेवर विसंबू नका. जोडीने बघा.

वहीत नावं लिहू नका. मी पहिल्या आठवड्यात लिहिली होती आणि वही टेबलावर विसरलो. परत आलो तेव्हा चौघं वाचत होते. पुढचे चार दिवस वर्ग माझ्याशी नेमकं ‘हो सर’, ‘नाही सर’ एवढंच बोलला. तेव्हापासून क्रमांक आले. ते हजेरीपटावरचेही नव्हेत, माझे मी ठरवलेले.

समाजमिती, म्हणजे वर्गात कोणाला कोण जवळचं वाटतं याची पाहणी, जरूर करा. मानसोपचारतज्ज्ञ मोरेनोची पद्धत, १९३० च्या दशकातली. ‘सहलीच्या बसमध्ये कोणाशेजारी बसाल?’ असं विचारून चिठ्ठीवर तीन नावं घ्यायची आणि बाणांनी आलेख काढायचा. काही जणांकडे बाणांची झुंबड उडते आणि एखाद्याकडे एकही जात नाही. चिठ्ठ्या वर्गात मोठ्याने वाचायच्या नाहीत, आलेख भिंतीवर लावायचा नाही. एवढं सांगावं लागतं, कारण उपक्रम म्हणून तो लावलेला मी पाहिलाय.

मुलं तुमच्याशी बोलू लागली की कधीतरी कोणी ‘सर, कोणाला सांगू नका’ म्हणेल. ते वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, छात्राध्यापकालाही. मार्गदर्शकांना त्याच दिवशी गाठा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन पाठ असू द्या.

प्रार्थनेची रांग मात्र कुठलंच पुस्तक दाखवणार नाही. रांग उंचीनुसार लागते. मुलींची उंची वाढण्याचा जोर साधारण बाराव्या वर्षी, मुलग्यांचा चौदाव्याच्या आसपास. म्हणून आंतरवासितेच्या सुरुवातीला मुलींची रांग उंच आणि मुलग्यांची खुजी दिसत होती, फक्त दोघा-तिघांना मिसरूड. मी क्रमाने आकडे टाकून रांगेचा नकाशा काढला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तोच नकाशा हातात घेऊन उभा राहिलो तर मुलग्यांचे पाच आकडे हललेले. क्र. १७ पुढून तिसरा होता, आता आठवा. तो त्या दिवशी प्रतिज्ञा म्हणायला पुढे आला नाही, पण रांगेत म्हणत होता, जाड आवाजात.