एकाच कळफलकावर मराठी-कन्नड: विममधलं ८९६चं गणित

निपाणी, खानापूर, बेळगाव पट्ट्यात एकच नोटीस किंवा लग्नपत्रिका मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लागते. त्यासाठी विम या मजकूर-संपादकात दोन वेगळे कीमॅप (कोणत्या कळीने कोणतं अक्षर उमटेल याच्या याद्या) नकोत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन्ही लिप्या एकाच क्रमाने मांडल्या आहेत: मराठी क २३२५वर, कन्नड क ३२२१वर. फरक ८९६. ळ, हलन्त, अनुस्वार, आकडे, सगळ्यांना तोच. म्हणून कळीला अक्षर न नेमता हिशेब नेमायचा.

विमआरसीत (विमच्या सेटिंगच्या फाइलीत) ही ओळ घाला. आज्ञा, 'अंतर'सारखी नावं, खुणा आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे:

एलनोरीमॅप <एक्स्प्र> के एन-आर-२-सी-एच-ए-आर(२३२५ + गेट(बी:, 'अंतर', ०))

एन-आर-२-सी-एच-ए-आर सलग लिहायचं, ते क्रमांकाचं अक्षर करतं. 'गेट' त्या फाइलीसाठी ठेवलेलं अंतर वाचतं, ते नसेल तर ० धरतं. प्रत्येक कळीला अशी एक ओळ, त्या-त्या अक्षराच्या क्रमांकासह. जागा इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या ठरलेल्या कळफलकाच्याच ठेवा: के वर क, जे वर र, डी वर हलन्त, शिफ्ट-एनवर ळ. हाताला नव्याने शिकावं लागत नाही. सुरुवातीला 'आय'ऐवजी 'एल' आहे तो मुद्दाम: हे मॅपिंग इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टाइप करताना) कंट्रोल-६ने चालू-बंद होतं आणि नॉर्मल मोडमधल्या आज्ञांना धक्का लागत नाही.

लिपी बदलायला एफ-८ला 'बी:अंतर'मध्ये ८९६ वजा चालू अंतर भरायला सांगा. ० असेल तर ८९६ होतं, ८९६ असेल तर ०. चालू अंतर वाचतानाही 'गेट'च वापरा. नाहीतर नव्या फाइलमध्ये ई-१२१ ही चूक येते.

आता खरी अडचण. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए वेगळे आहेत. आपला 'बे' ८९६ने सरकला की दीर्घ होतो, आणि बेळगावीचं कन्नड नावच चुकतं. तिथे ऱ्हस्व मात्रा हवी, ३२७०. ती झेड कळीला द्या, आणि अंतर ० असताना रिकामी स्ट्रिंग परतवा. ऱ्हस्व ओची मात्रा ३२७४.

ऑ आणि ॅ यांना कन्नडात जोडीदारच नाही. नुसती बेरीज केली तर चौकोन उमटतो. इथे प्रश्नचिन्ह-कोलनची अट लावा: अट, प्रश्नचिन्ह, खरी असल्यासचं उत्तर, कोलन, नसल्यासचं. कन्नड चालू असेल तर ऑऐवजी ३२०६, म्हणजे आ. बॅंकेतल्या ॅ ऐवजी कन्नड लोक 'ब्यांक'सारखं लिहितात, म्हणून ३२७७, ३२४७, ३२६२ ही तीन अक्षरं टिंबाने जोडून एकदम परतवा.

अटीत 'किंवा'साठी दोन उभ्या रेघा थेट लिहू नका. पहिल्याच रेघेवर विम आज्ञा संपली असं समजतो. प्रत्येक रेघेच्या जागी <बार> लिहायचं. ओळीच्या शेवटी टीप लिहिलीत तर तीही हिशेबाचा भाग समजली जाते. हिशेबातून मजकूर बदलायला गेलात तर ई-५६५ येते: तिथून फक्त स्ट्रिंग परतवायची. कर्सर हलवायचा असेल तर दुहेरी अवतरणात उलट्या तिरक्या रेघेसह <लेफ्ट> द्या. 

शंका आली तर अक्षरावर कर्सर ठेवून नॉर्मल मोडमध्ये जी-ए दाबा, क्रमांक खाली दिसतो.