कॉन्टेसा बघायला जाताना लोहचुंबक न्या

नाशिकमध्ये कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की "ताई, जरा बघायला येता का?" म्हणून मला फोन येतो. पहिलीच जुनी मसल कार घेऊन ती नीट करायची असेल तर कुठली, कुठे शोधावी आणि काय बघून घ्यावी, ते सांगते. मी अंबडच्या एका कारखान्यात गेली एकोणीस वर्षं क्वालिटीला आहे. प्रेसमधून निघालेला पत्रा रोज हाताखालून जातो. त्यामुळे गाडीजवळ गेले की माझा हात आधी बॉनेटकडे जात नाही, दाराखाली जातो. इंजिन उतरवून बांधता येतं, दुसरं मिळतंही. सडलेला पत्रा मात्र गाडी संपवतो.

मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची अमेरिकन गाडी, म्हटली की १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ आणि तिच्या मागून आलेल्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) गाड्या डोळ्यांपुढे येतात. पहिल्याच खेपेला तसली गाडी आणून उभी करणं आपल्यासारख्या नोकरदाराला झेपणारं नाही. आपल्याकडे तो रुबाब कॉन्टेसाचा. लांब बॉनेट, रुंद छाती, मागच्या चाकांवर चालणारी. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ मध्ये आणली, बॉडी मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची. सुरुवातीच्या गाड्यांत अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं आणि एवढ्या जड गाडीला ते पुरत नसे. पुढे इसुझूचं १.८ पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, नंतर डिझेलही आलं आणि २००२ मध्ये गाडी बंद झाली. पहिली गाडी म्हणून १.८ पेट्रोलच शोधा. सुट्या भागांसाठी वणवण नको असेल तर सरळ प्रीमियर पद्मिनी घ्या, त्यातही कमीपणा काही नाही.

गाडी कुठल्या मॉडेलची आहे याच्याइतकंच ती कुठे उभी होती हे महत्त्वाचं. माझी पहिली कॉन्टेसा मुंबईची होती, समुद्राजवळच्या एका सोसायटीतली. मरून रंग आरशासारखा चमकत होता. विकणाऱ्याने सांगितलं, "पत्र्याला हात लावायची गरज नाही." सहा महिन्यांनी डिकीत स्टेपनी ठेवली आणि तिच्या वजनाने खालचा पत्रा फाटून स्टेपनी जमिनीला टेकली. रंगाखाली बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली होती. ती गाडी मी वाचवू शकले नाही, याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी खाऱ्या हवेतल्या गाड्या बघतच नाही. आपल्या जिल्ह्यातही फरक आहे. इगतपुरी, त्र्यंबकचा पाऊस पत्रा खातो. निफाड, सिन्नर, येवल्याची हवा कोरडी, तिकडच्या शेडमध्ये वीस वर्षं उभी असलेली गाडीही आतून धडधाकट निघू शकते. नव्वदच्या दशकात कॉन्टेसा घेणारे म्हणजे डॉक्टर, बिल्डर आणि द्राक्ष बागायतदार. जाहिरातींपेक्षा जुने बॅटरीवाले, सीटकव्हर शिवणारे आणि रेडिएटरवाले यांना विचारा. कुणाच्या वाड्यात ताडपत्रीखाली काय झाकलंय हे त्यांना ठाऊक असतं. देवळाली कॅम्पचे जुने बंगलेही नजरेत असू द्या. एक सांगते, ऑक्टोबर छाटणीत किंवा जानेवारी ते एप्रिल माल निघत असताना बागायतदाराच्या दारात जाऊ नका. तेव्हा त्याला बोलायला सवड नसते. जुलै-ऑगस्टमध्ये जा. पावसात गाडी कुठून गळते तेही दिसतं.

माझी आताची गाडी अशीच ऑगस्टमध्ये निफाड तालुक्यात सापडली. गाडी तिथल्या एका काकांची, पण काका वारलेले. काकूंना विचारलं, "मॅटिंग उचलू का?" त्या म्हणाल्या, "उचल की बाई, माझी कशाला परवानगी?" ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर खाली तागाचा थर ओला, कुजका वास. तो बाजूला केला. पत्र्यावर तांबूस पावडर होती. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले. सगळीकडे टण-टण, फक्त क्लचखालच्या कोपऱ्यात थप असा बसका आवाज. तिथे टोक दाबलं तर आरपार गेलं. तळहाताएवढं भोक. मग वायपरखालची जाळी बघितली तर आत कडुनिंबाचा पाला गच्च बसलेला. पाणी तिथे तुंबून आत उतरत होतं. म्हणजे गंजाचं कारण कळलं, जागा एकच होती आणि बाकीचा पत्रा जिवंत होता. मी तिथेच गाडी घ्यायचं ठरवलं. इंजिन तोवर पाहिलंही नव्हतं.

तुम्हीही असंच करा. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसी (खालचा सांगाडा) नाही, पत्र्याची पेटी हेच तिचं हाड. दाराखालचे बॉक्स, जॅक लावायची जागा, मागच्या स्प्रिंगा जिथे बसतात ती जागा, डिकीचा तळ आणि पुढच्या सस्पेन्शनभोवतीचा पत्रा या जागी तडजोड करू नका. दारं आणि मडगार्ड सडली असतील तर चालेल, चांगला डेंटर ती घडवतो. लोहचुंबक रुमालात गुंडाळून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे. चारही दारं हलक्या हाताने लावून बघा. फटी वर बारीक आणि खाली रुंद असतील तर गाडी कुठेतरी बसली आहे किंवा ठोकलेली आहे.

इंजिन बंद पडलेलं असेल तर सेल्फ मारायला देऊ नका. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं ऑईल सोडा, रात्रभर थांबा, मग पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासा. आकडे कमी आले तरी घाबरू नका, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास असले की काम भागतं.

कागद मात्र पत्र्याइतकेच कडक तपासा. चेसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि आरसी बुकाशी एकेक अक्षर जुळवा. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत मागाहून डिझेल इंजिन बसवलेलं असतं, त्यामुळे इंजिन नंबर आणि इंधनाची नोंदही बघा. बँकेचा बोजा उतरलाय का, हे विचारा. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, नेहमीच्या विक्रीला २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी आधी, पैसे नंतर. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, त्यात तपासणी, फी आणि पर्यावरण कर आला. जुन्या नंबरची नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर पेठ रोडच्या आरटीओत बॅकलॉगची (जुनी नोंद ऑनलाइन चढवून घेण्याची) चौकशी सौदा करण्याआधी करा. काकूंच्या गाडीचे कागद मुलाच्या नावावर व्हायला चार महिने गेले आणि मी ते थांबले.

रिंग-पिस्टन, ब्रेकचं सामान, बेअरिंग यांची सोय होते. पुढची काच, टेल लॅम्प, जाळी, दारांचे हँडल, क्रोमच्या पट्ट्या यांना मात्र महिनोन्‌महिने लागतात. म्हणून गाडी चालू आहे यापेक्षा ती पूर्ण आहे याला जास्त पैसे मोजा. आणि घरी छताखाली जागा आहे का ते आधी बघा. गाडी साडेचार मीटरहून लांब आहे आणि खोलून ठेवलेली ती दोन पावसाळे तरी हलणार नाही.

आणताना टोचन लावून आणू नका. कितीही चांगले दिसत असले तरी वीस वर्षांपूर्वीचे टायर आणि ब्रेक यांच्यावर हायवेला विसंबायचं नाही. फ्लॅटबेड सांगा. आणि गाडी चढवण्याआधी घरच्यांना माळ्यावर, गोठ्यात बघायला लावा. काकूंच्या नातवाने माळ्यावरून एक गोणपाट खाली टाकलं. त्यात दोन व्हीलकॅप, मागच्या काचेची पट्टी आणि डाव्या टेल लॅम्पची न फुटलेली काच होती, १९९७ च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली.