ब्राउझरचाच आवाज गेला तेव्हा

व्हीएलसी या प्लेअरमध्ये गाणी वाजत होती, ब्राउझरमध्ये मात्र सगळे व्हिडिओ मुके. म्हणजे स्पीकर, वायर, ड्रायव्हर (साउंड चालवणारं सॉफ्टवेअर) ठीक. तिकडे हात लावायचं कारणच नव्हतं. (असल्या वेळी लोक थेट विंडोज पुन्हा टाकायला सांगतात!) टॅबवर राइट क्लिक केलं, साइट म्यूट नव्हती. टॅबवर स्पीकरचं चिन्हही दिसत होतं, म्हणजे ब्राउझर आवाज पाठवत होता. मग जात कुठे होता?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर असं गेलो. तिथे प्रत्येक ॲपला वेगळं आउटपुट देता येतं. ब्राउझरपुढे एचडीएमआय केबलने जोडलेला मॉनिटर निवडलेला, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! आउटपुट डिफॉल्टवर आणलं, टॅब रिफ्रेश केला, आवाज सुरू. मिक्सरमध्ये ॲप दिसायला त्यात काहीतरी वाजत असावं लागतं, म्हणून व्हिडिओ चालू ठेवूनच बघा.