एका ‘साठी’तले दोन शब्द: स्पॅनिशमधील ‘पोर’ आणि ‘पारा’

स्पॅनिश शिकणारा मराठी माणूस ‘पोर’ आणि ‘पारा’ या दोन शब्दांपाशी हमखास अडखळतो आणि त्याचे मूळ आपल्या ‘साठी’त आहे. ‘आईसाठी केले’ या वाक्यात केलेली वस्तू आईला द्यायची आहे, की आईच्या मायेपोटी ते काम केले आहे, हे ‘साठी’ सांगत नाही; आपण ते संदर्भावरून ओळखतो. स्पॅनिश बोलणाऱ्याला मात्र तोंड उघडतानाच ते ठरवावे लागते. ‘लो ईसे पारा मि माद्रे’ म्हटले, तर वस्तू आईच्या हाती जाणार आहे. ‘लो ईसे पोर मि माद्रे’ म्हटले, तर ते काम आईखातर झाले आहे.

म्हणून ‘साठी’चे थेट भाषांतर करूच नये. आधी त्याच्या जागी ‘मुळे’, ‘खातर’, ‘ऐवजी’ किंवा ‘बद्दल’ घालून पाहावे आणि अर्थ टिकला, तर बेलाशक ‘पोर’ वापरावा. आभार नेहमी कशाबद्दल तरी मानले जातात, त्यामुळे ‘ग्रासियास’नंतर ‘पोर’च येतो. याउलट वाक्य ‘का?’पेक्षा ‘कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर देत असेल, तर ‘पारा’ घ्यावा. स्पॅनिशमधले प्रश्नही नेमके असेच आहेत: ‘पोर के?’ म्हणजे का आणि ‘पारा के?’ म्हणजे कशाला.

‘पारा’चे जुने रूप ‘पोरा’ असे होते (मराठी कानाला ती एखाद्या मुलाला मारलेली हाक वाटेल), म्हणजे ‘पोर’ला दिशा दाखवणारा ‘आ’ जोडलेला. तो ‘आ’ ध्यानात ठेवला, की ‘पारा’ नेहमी पुढे, कुठल्या तरी मुक्कामाकडे, हेतूकडे किंवा मुदतीकडे का पाहतो, हे कळते.

पिकासोच्या ‘गेर्निका’ या एकाच चित्रावर दोन्ही शब्द तपासून पाहता येतात. 1937 च्या जानेवारीत स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातील आपल्या दालनासाठी पिकासोकडे चित्र मागितले. हा ‘साठी’ मुक्कामाचा आहे, म्हणून ‘पारा एल पाबेयोन’. तेव्हा विषय ठरलेला नव्हता. 26 एप्रिलला गेर्निका गावावर बॉम्बहल्ला झाला आणि त्या हल्ल्यामुळे, ‘पोर एल बोंबार्देओ’, चित्राला विषय मिळाला. म्हणजे ‘पारा’ जानेवारीतच ठरला होता, ‘पोर’ एप्रिलमध्ये आला. शिवाय चित्र पिकासोने रंगवले. कर्मणी प्रयोगातल्या या ‘ने’लाही ‘पोर’च लागतो: ‘फ्वे पिंतादो पोर पिकासो’.

नोकरीच्या वाक्यात चूक झाली, तर अर्थच उलटतो. ‘त्राबाखो पारा मि एर्मानो’ म्हणजे भाऊ माझा मालक आहे. ‘पारा’च्या जागी ‘पोर’ घातला, की भाऊ रजेवर आहे आणि त्याच्या बदली मी कामाला आलो आहे, असे ऐकणारा समजू शकतो.

‘ला’ या प्रत्ययावर मात्र विसंबू नये. ‘पुस्तक वीस युरोला घेतले’ यातला ‘ला’ मोबदल्याचा आहे, म्हणून ‘पोर बेइन्ते एउरोस’. वेळेच्या बाबतीत दिवसाचा प्रहर ‘पोर’ने सांगतात आणि मुदत ‘पारा’ने: ‘पोर ला मान्याना’ म्हणजे सकाळी, तर ‘पारा एल लुनेस’ म्हणजे सोमवारपर्यंत व्हायला हवे असे. ‘वयाच्या मानाने’ या अर्थी येणारा ‘पारा सु एदाद’ आणि ‘माझ्या मते’ या अर्थी येणारा ‘पारा मी’ सरळ पाठ करावेत, कारण त्यांना वरची कसोटी नीट लागू होत नाही.

एका जागी खुद्द स्पॅनिश भाषकांतही फरक आढळतो. ‘एस्तोइ पोर सालिर’ हे वाक्य लॅटिन अमेरिकेतल्या माणसाने उच्चारले, तर तो निघण्याच्या बेतात असतो. स्पेनमधल्या माणसाने उच्चारले, तर त्याला निघावेसे वाटू लागलेले असते, पण त्याने अजून चप्पल घातलेली नसते.