गुआशचा पहिला सेट घेताना ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा

गुआश सुरू करायचाय, कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलटं विचारते, किती रंगांचा सेट बघून ठेवलायस? आणि उत्तर "४८ चा, मस्त ऑफर आहे" असं आलं की माझ्या पोटात गोळाच येतो. ऑफर वाईट असते असं नाही. पण त्या ४८ मधले तीसेक रंग तुम्हाला काही शिकवणार नाहीत, आणि उरलेले कदाचित चुकीचंच शिकवतील. ते दुसरं जास्त वाईट.

गुआश म्हणजे अपारदर्शक जलरंग, डिंकात घोटलेलं पिगमेंट (म्हणजे रंग देणारी पूड), वाळल्यावर मॅट दिसतो, पाणी लागलं की परत उठतो, हे सगळं तुम्ही वाचलं असेलच, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. थेट मुद्द्यावर येते, कारण ह्या एका गोष्टीने मला जितकं छळलंय तितकं कुठल्याच ब्रशने, कागदाने किंवा पर्स्पेक्टिव्हने छळलेलं नाही.

स्वस्त मोठ्या सेटमधल्या बऱ्याच रंगांत पांढरा आधीच घातलेला असतो. बस, सापळा एवढाच आहे, पण तो नीट समजून घ्या. रंग अपारदर्शक करायचे दोन मार्ग आहेत. एक, पिगमेंट ठासून भरायचं, जे महाग पडतं. दुसरा, थोडं पिगमेंट आणि बाकी पांढरा, खडूची पूड वगैरे भरायची, जे स्वस्त पडतं. दुसऱ्या पद्धतीची ट्यूब उघडून कागदावर पट्टा ओढला तर तो सुंदरच दिसतो, सपाट, मखमली, अगदी व्हिडिओत दिसतो तसा. म्हणून तर फसायला होतं. नुसत्या पट्ट्यावरून काहीच कळत नाही, कळतं मिक्स करताना.

समजा तुम्हाला झाडाच्या सावलीतला खोल हिरवा हवाय. निळा घेतला, पिवळा घेतला, मिसळला, आला फिकट, दुधाळ हिरवा. मग अजून निळा घातला, तर दुधाळ निळसर हिरवा. मग वैतागून काळा घातला, तर मेलेला राखाडी. कारण निळ्यात पांढरा होता, पिवळ्यात होता, आणि एकदा मिश्रणात गेलेला पांढरा बाहेर काढता येत नाही. रंग फिका करणं कधीही हातात असतं, पण फिक्या रंगातून खोली काढायची कुठून? त्यामुळे अख्खं चित्र एकाच मधल्या टोनमध्ये अडकतं, सावल्या बसत नाहीत, सगळ्यावर धुकं पसरल्यासारखं वाटतं, आणि नवा माणूस काय निष्कर्ष काढतो? की मला कलर मिक्सिंग जमत नाही.

मलाही हेच सांगण्यात आलं होतं. तुझी कलर थिअरी कच्ची आहे, कलर व्हील (रंग मिसळून काढायचं रंगचक्र) काढ, अजून काढ. मी काढली. त्याच रंगांनी! मग ती सगळी व्हील्सही फिकट आणि गढूळच आली आणि ती बघून पुन्हा तोच निकाल. माझे महिनेच्या महिने गेले ह्यात, आणि त्या काळात ट्यूब उलटी करून मागचं वाचूया हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की जो शिकवणारा तुमचं चित्र बघतो पण तुमचं पॅलेट आणि ट्यूबा बघत नाही, त्याचा सल्ला अर्धाच घ्यायचा. (लगेच सर बदलू नका, अर्धा सल्लाही कामाचा असतो.)

आता हे ओळखायचं कसं. ट्यूबच्या मागे किंवा कंपनीच्या कलर चार्टमध्ये पिगमेंटचे कोड असतात. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो ब्लू, पीआर १२२ म्हणजे क्विनाक्रिडोन मॅजेंटा, पीबीआर ७ म्हणजे सिएना-अंबर घराणं. ज्या कोडची सुरुवात पीडब्ल्यूने होते ते पांढऱ्यातले. पीडब्ल्यू ६ टिटॅनियम, पीडब्ल्यू ४ झिंक, पीडब्ल्यू १८ म्हणजे खडू. तर निळ्या ट्यूबवर पीबी २९ एकटाच असेल तर चांगलं लक्षण, पीबी २९ च्या शेजारी पीडब्ल्यू ६ बसलेला असेल तर तो निळा म्हणजे निळा अधिक पांढरा. मुद्दाम तसाच बनवलेला असेल, फिका टरक्वाईज किंवा स्किन टिंट वगैरे, तर काही हरकत नाही, पण "अल्ट्रामरीन" म्हणून विकत असतील तर नको. आणि कोडच नसतील, नुसतं "डीप ब्लू", "स्काय ब्लू" असली नावं असतील, तर तो सेट शिकायला घेऊ नका. डूडल करायला घ्या, कार्डं रंगवायला घ्या, मजा आहे.

पण लेबल पूर्ण खरं सांगेलच असं नाही, फिलर (खडूसारखी भरीची पूड) प्रत्येक जण छापत नाही. म्हणून घरची टेस्ट. तीन रंग घ्या, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, मॅजेंटा. हेच का, तर ही पिगमेंट्स मुळात पारदर्शक स्वभावाची आहेत. पिवळा ओकर किंवा कॅडमियम घेऊन टेस्ट केलीत तर काही कळणार नाही, ते मुळातच अपारदर्शक असतात. प्रत्येकाचा अगदी मुगाएवढा ठिपका घेऊन भरपूर पाण्यात पातळ करा आणि काळ्या कागदावर एक हात फिरवा. वाळू द्या. रंगात पांढरा नसेल तर पट्टा जवळजवळ गायब होतो, तिरकं धरून बघितलं तर निळसर झाक कळते इतकंच. पांढरा असेल तर काळ्यावर राखेचा हात फिरवल्यासारखा भुरकट थर चढलेला दिसतो, तो लपतच नाही. तोच पातळ हात पांढऱ्या कागदावरही द्या, शुद्ध अल्ट्रामरीन जलरंगासारखा स्वच्छ उतरतो, खालचा कागद दिसतो, भेसळीचा दुधाळ दिसतो. शेवटी एक जाड थर देऊन तो पूर्ण वाळला की बोट घासा. बोटावर पूड आली तर फिलर जास्त, डिंक कमी, आणि असला थर पुढे वरचा लेयर देताना पण त्रास देणार.

आता घाबरू नका. ह्याचा अर्थ सगळ्यात महाग आर्टिस्ट ग्रेडच घ्या असा अजिबात नाही, आणि "स्वस्त रंगात शिकूच नये" म्हणणारे मला सहन होत नाहीत. सहा स्टुडंट ग्रेड ट्यूबा ज्यांच्यावर एकेकच पिगमेंट लिहिलंय, त्या ४८ च्या चकचकीत डब्यापेक्षा कधीही बऱ्या. आणि पोस्टर कलर म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना सांगते, जपानी अॅनिमेशन स्टुडिओ जिबलीसाठी चित्रकार काझुओ ओगा ह्यांनी रंगवलेली ती जंगलं आणि आभाळं पोस्टर कलरमधलीच आहेत. अर्थात तो जपानी निकर कंपनीचा पोस्टर कलर आहे, शाळेच्या दप्तरातला नव्हे, पण तत्त्व तेच की नाव काय आहे ह्यापेक्षा आत काय आहे ते बघा.

मग घ्यायचं काय? माझ्या मते पांढरा सगळ्यात मोठ्या ट्यूबमध्ये, टिटॅनियम (लेबलवर बऱ्याचदा परमनंट व्हाईट असतं, कोड पीडब्ल्यू ६ आहे ना बघा). झिंक व्हाईट कमजोर असतो, हळूवार फिक्या छटा करायला छान, पण सुरुवातीला एकच घ्यायचा तर टिटॅनियम, कारण खालचा रंग झाकून हायलाइट त्यानेच देता येतो. मग एक लिंबूकडे झुकणारा पिवळा, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, मॅजेंटा, एक नारिंगीकडे झुकणारा लाल, आणि बर्न्ट सिएना किंवा अंबर. यलो ओकर असला तर लँडस्केपवाल्यांचं काम सोपं होतं. काळा? घ्या हो. काळा वापरणं पाप आहे वगैरे जे पसरवलंय त्यात फार दम नाही, फक्त सावली करायची म्हणून प्रत्येक रंगात काळा ओतू नका. थॅलो मात्र जपून, कणभर पुरतो, नाहीतर तो सगळं पॅलेट खाऊन टाकतो.

इथे एक जोरात धोक्याची घंटा. अॅक्रिलिक गुआश ही वेगळी वस्तू आहे. होल्बाइनचा अॅक्रिला गुआश, टर्नरचा अॅक्रिल गुआश, ह्यांच्यात डिंक नसतो, अॅक्रिलिक बाइंडर (पिगमेंट धरून ठेवणारा पदार्थ) असतो. वाळला की पक्का, पाण्याने उठत नाही, पॅलेटवर वाळलेला फुकट जातो आणि ब्रश धुतला नाही तर ब्रशही गेला. वाईट नाहीये, उलट लेयरवर लेयर द्यायला फार सोयीचा आहे, खालचा रंग उठून चिखल होत नाही. पण तुम्ही व्हिडिओ साध्या गुआशचे बघणार, कडा ओल्या ब्रशने मऊ करायला जाणार आणि काहीच हलणार नाही, मग पुन्हा "मला जमत नाही". ऑनलाइन मागवताना दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, ट्यूबही सारख्याच दिसतात, त्यामुळे नाव पूर्ण वाचा. आणि पांढरा लवकर संपतो म्हणून गुआशमध्ये अॅक्रिलिक पांढरा मिसळायचा शॉर्टकट कुणी सांगितला तर एवढंच समजून घ्या की ते मिश्रण परत नीट ओलं होणार नाही. ठरवून करत असाल तर करा.

ते जेलीसारखे कपवाले डबे, ज्यांच्यात रंग मऊ राहतो, त्यांच्याबद्दल खूप जण विचारतात. दिसायला भारी, रंग भरपूर, ट्यूब पिळायची कटकट नाही. पण लोक त्यात थेट ब्रश बुडवतात आणि महिन्याभरात पिवळा कप हिरवा होतो. शिवाय ओलसर राहणाऱ्या रंगाला बुरशी धरते. घेतलाच असेल तर रंग छोट्या नाइफने उचलून पॅलेटवर घ्या, झाकण नीट लावा, आणि वरची काळ्या कागदाची टेस्ट त्याच्यावरही करून बघा म्हणजे कुठले कप मिक्सिंगला चालतात आणि कुठले नुसते सपाट भरायला, ते कळेल. मधवाले रंगही असतात, एम. ग्रॅहमच्या गुआशमध्ये मध असतो, त्यामुळे पॅलेटवर वाळलेला सहज ओला होतो, पण दमट हवेत जाड थर चिकट राहू शकतो.

रंग उडण्याचं काय? मूळ चित्र विकायचं किंवा भिंतीवर लावायचं असेल तर लाइटफास्टनेस (उजेडात रंग किती टिकतो ते) बघाच. डिझायनर्स गुआश मुळात छपाईसाठीच्या कामाला वापरायचे, चित्राचा फोटो निघाला की मूळ चित्राचं काम झालं, म्हणून त्या रेंजमध्ये आजही काही देखणे पण उडणारे रंग असतात, विशेषतः झगझगीत गुलाबी आणि काही जांभळे. ऑपेरा नावाचा गुलाबी बघून जीव जातो, मला मान्य आहे, पण त्यातली ती चमक फ्लोरोसंट डायची असते आणि ती उन्हात टिकत नाही. स्केचबुकात खुशाल वापरा, वही बंदच असते. स्कॅन करून प्रिंट विकणार असाल तरी चालेल. शंका असेल तर पट्टा काढून अर्धा जाड पुठ्ठ्याने झाकून खिडकीत चिकटवून ठेवा आणि विसरून जा.

बाकीचं भराभर. कागद जलरंगाचा, जमलं तर ३०० जीएसएम, पातळ कागद लाटा मारतो. ब्रश सिंथेटिक, एक फ्लॅट एक राउंड, महाग सेबलची (प्राण्याच्या केसांच्या ब्रशची) गरज नाही. रंगाचा दाटपणा सायीसारखा ठेवा, फार जाड दिलात तर वाळून तडे जातात. आणि वाळताना रंग बदलतो, फिके रंग जरा गडद होतात, गडद रंग जरा फिके पडतात, ह्याने सगळेच वैतागतात, अजूनही मी वैतागते. त्याच कागदाचा तुकडा बाजूला ठेवून आधी तिथे ठिपका द्यायचा आणि वाळवून बघायचा, हेअर ड्रायर लावला तरी चालतो.

आणि तो ४८ चा डबा घरी आलाच असेल तर फेकू नका. टेस्ट करा, त्यातले चार-पाच बरे निघतातच, काळा आणि मातकट रंग बऱ्याचदा ठीक असतात. मग फक्त एक चांगला निळा, एक मॅजेंटा आणि मोठा पांढरा सुटा घ्या, आणि तोच सावलीतला हिरवा परत मिसळून बघा. पांढरी ट्यूब सगळ्यात आधी संपेल, बाकीच्या अर्ध्याही झालेल्या नसतील, म्हणून घेतानाच दोन घेतल्यात तरी चालेल.