नाशिकहून अंदमान : विमान आणि फेरीचं गणित कसं जुळवायचं

दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन अंदमानला जाऊन आलो, तेव्हापासून ओळखीतले सगळे विचारतायत की तिकडे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं कसं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. हॉटेल, बीच, खाणं ही माहिती कुठेही मिळते. माणूस अडकतो तो तिकिटांच्या क्रमात.

आधी नावं समजून घ्या, नाहीतर बुकिंग करतानाच गोंधळ होतो. हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप आणि नील म्हणजेच शहीद द्वीप, ही नावं २०१८ च्या डिसेंबरमध्ये बदलली. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. पण तिकडचे ड्रायव्हर, हॉटेलवाले अजून जुनीच नावं घेतात आणि तिकिटावर कुठलंही नाव येऊ शकतं, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवा.

आता विमान. ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. एकतर ओझरहून हैदराबादसारख्या मोठ्या शहरात जाऊन पुढचं विमान पकडायचं, नाहीतर मुंबई गाठायची आणि तिथून चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूमार्गे जायचं. जे काही कराल ते एकाच बुकिंगमध्ये, एकाच पीएनआरवर करा, हे मी कळकळीने सांगतोय. दोन वेगळी तिकिटं काढून हजार-दोन हजार वाचतात, पण पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं सुटलं की ते पैसे तुमचेच गेले, आणि बॅगाही मधे उतरवून परत चेक-इन कराव्या लागतात. मुंबईहून पहाटेचं विमान असेल तर रात्री कसारा घाटात ट्रॅफिक लागू शकतो हे धरून निघा, मी तर म्हणेन आदल्या संध्याकाळीच मुंबईत पोचा.

पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर उतरलात की वीर सावरकर हे नाव समोर दिसतं. आपल्या भगूरचा माणूस. बाबा तिथे बराच वेळ नुसते उभे राहिले होते. म्हणून पहिला दिवस पोर्ट ब्लेअरलाच ठेवा, दुपारी सेल्युलर जेल बघा, त्याच दिवशी फेरी, म्हणजे बेटांमधली प्रवासी बोट, पकडायची घाई करू नका. तिकडे अंधार फार लवकर पडतो, हिवाळ्यात तर साडेपाचलाच, त्यामुळे दिवस सकाळीच सुरू करायची सवय लावा.

बेटांची फेरी दोन प्रकारची. सरकारी फेरी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, स्वस्त असते, हॅवलॉकला अडीच तासांच्या आसपास लागतात आणि डेकवर उभं राहून समुद्र बघता येतो. पण तिचं बुकिंग थोडेच दिवस आधी उघडतं आणि तिथल्या रहिवाशांची ती रोजची बस आहे, त्यामुळे सीट मिळेलच असं नाही. खासगी फेरी, म्हणजे मॅक्रूझ, नॉटिका वगैरे, हॅडो जेट्टीवरून सुटते, एसी असते, दीड तासात पोचवते आणि महिना-दोन महिने आधी बुक करता येते. घरातली मोठी माणसं सोबत असतील तर खासगीच घ्या. रिक्षावाल्याला जेट्टीचं नाव स्पष्ट सांगा, नुसतं जेट्टी म्हणाल तर भलतीकडे सोडेल. तासभर आधी पोचा, विमानासारखंच ओळखपत्र बघतात, बॅग स्कॅन होते. आधारवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच ठेवा.

फिरायचा क्रम गोल ठेवा : पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, परत पोर्ट ब्लेअर. हॅवलॉकहून नीलला थेट फेरी असते आणि तासाभरात पोचता, मग दोनदा पोर्ट ब्लेअरला यायचं कशाला.

फेरी लागणं, म्हणजे मळमळ, हा खरा त्रास आहे. आईला जाताना खूप झालं. बंद केबिन, खिडकीची काच उघडत नाही, बोट लाटेवर चढली की पोटात गोळा येतो आणि समोरच्या सीटच्या खिशातली कागदी पिशवी शोधायला लागते. येताना डॉक्टरांनी दिलेली गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली, पोटात थोडी इडली होती, वरच्या मजल्याऐवजी खालच्या मजल्यावर मधली सीट घेतली, तोंडात आमसूल ठेवलं, आणि ती अख्खा प्रवास गप्पा मारत आली. मोबाईलकडे बघायचं नाही, हे मात्र पक्कं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. नीलहून सकाळची फेरी आणि दुपारचं विमान असं अजिबात करू नका, कितीही जुळतंय असं वाटलं तरी. आमची नीलहून परतीची फेरी हवेमुळे रद्द झाली. जेट्टीवर पाऊस नव्हता, फक्त वारा होता आणि पाणी करडं दिसत होतं, तरी बोट सोडली नाही. आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या फेरीत जागा मिळाली आणि विमान त्याच्याही पुढच्या दिवशी होतं म्हणून निभावलं. आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, त्यांचं विमान त्याच दुपारचं, त्या ताई लहान मुलाला मांडीवर घेऊन फोनवर विमान कंपनीशी बोलत रडत होत्या, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. फेरी रद्द झाली तर फेरीचे पैसे मिळतात, विमानाचे नाही.

याच कारणासाठी जून ते सप्टेंबर टाळा, नोव्हेंबरातही बंगालच्या उपसागरात वादळं होतात. जानेवारी ते एप्रिल समुद्र त्यातल्या त्यात शांत. आणि स्कुबा करणार असाल तर तो हॅवलॉकलाच उरकून घ्या, डायव्हिंगनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस जाऊ द्यायचा असतो, शेवटच्या दिवशी अजिबात नको.

म्हणजे बुकिंग करताना आधी जायचं-यायचं विमान, मग लगेच तिन्ही फेऱ्या, आणि फेरी पक्की झाल्यावर त्या तारखांचं हॉटेल. सामान विमानाच्या १५ किलोत बसवा म्हणजे फेरीतही अडचण येत नाही, पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, आणि तिकिटांचे प्रिंट काढून न्या, बेटांवर नेटवर्क कधीही जातं. किनाऱ्यावरचे शंख, पोवळी उचलून बॅगेत टाकू नका, परतताना विमानतळावर काढून घेतात.