बेसेंजी शू करायला बाहेर जातच नाही? मग हे करून बघा

इथे इंग्लंडात लीड्सला नोव्हेंबरात पाऊस लागला की लागला, आणि आमची चिंगी, म्हणजे आमची बेसेंजी जातीची कुत्री, त्या पावसात पाय टाकत नाही म्हणजे नाही. दार उघडलं की आधी नुसती मान बाहेर काढते, वास घेते, मग पुढचा एक पंजा उंबऱ्याबाहेर ठेवून बघते, तो ओला झाला की झटकते आणि सरळ मागे वळून सोफ्यावर जाऊन गोल होऊन बसते. ती आठ महिन्यांची असताना एकदा रात्री नऊला शू केली ती दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, म्हणजे १६ तास धरून ठेवली होती तिने, मला तर रडूच यायला लागलेलं. आता ती सात वर्षांची आहे आणि या सात वर्षांत काय काय उपयोगी पडलं ते लिहितेय, कारण नवीन बेसेंजी घेतलेले लोक पहिल्या तीन-चार महिन्यांतच वैतागतात आणि कुत्रं परत द्यायची भाषा करायला लागतात, फार वाईट वाटतं मला ते ऐकून.

आधी एक समजून घ्या, ही जात काँगोच्या जंगलातली. तिथे यांना शिकारीला नेतात, कुत्र्यांनी झाडीत घुसून जनावर उठवायचं आणि जाळ्याकडे हाकायचं, आणि हे भुंकत नाहीत म्हणून कुत्रं कुठे आहे ते कळायला गळ्यात लाकडी घंटा बांधतात. माणूस मागे, कुत्रं पुढे, तिथे काय करायचं ते कुत्र्यानेच ठरवायचं, हुकमाची वाट बघत बसला तर जनावर पळालं. इंग्लंडात १८९५ला एक जोडी आणली होती ती डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगाने गेली, नंतर १९३७मध्ये ऑलिव्हिया बर्न बाईंनी आणलेल्या कुत्र्यांपासून इथे ही जात टिकली. तर असं स्वतःच्या डोक्याने चालणारं, उष्ण हवेतलं, अंगावर अगदी आखूड केस असलेलं कुत्रं तुम्ही थंड पावसात उभं करता तेव्हा ते नाही म्हणणारच. मी तिला हट्टी, आडमुठी सगळं म्हणून घेतलंय, पण प्रत्येक नकारामागे तिचं काहीतरी कारण निघालं आणि ते सापडलं की निम्मं काम झालं.

पावसाचं आधी सांगते. रेनकोट घ्या तो पोटाखालून बंद होणारा घ्या, नुसता पाठीवर टाकायचा काही कामाचा नाही, कारण यांना खालून गवताचं पाणी लागलेलं जास्त खपत नाही. आणि रेनकोटची सवय घरात कोरड्या दिवसात लावा, घालायचा, चिकनचा तुकडा द्यायचा, काढायचा, असं आठवडाभर. पण आमच्याकडे खरा फरक पडला तो छपराने. मागच्या अंगणात भिंतीला लागून पारदर्शक पत्रा टाकून घेतला आणि खाली गार्डन सेंटरमधून आणलेली हिरवळीची गुंडाळी अंथरली, साधारण दीड मीटर बाय एक मीटर. पहिल्या दिवशी तिच्याच शूने भिजलेला टिश्यू तिथे ठेवला, वास आला की तिला कळतं जागा कुठली ते. ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनी मोठी छत्री आणि इमारतीजवळचं एखादं दाट झाड शोधून ठेवा, रोज तेच झाड, बदलू नका.

बाहेर नेताना पट्टा लावूनच न्या आणि स्वतः सोबत उभे राहा. दार उघडून नुसतं ढकलून दिलं तर ती पाच मिनिटं दाराला चिकटून उभी राहते आणि आत आल्यावर गालिच्यावर करते. दहा मिनिटं एका जागी उभं राहायचं, बोलायचं नाही, फोन बघत बसायचं नाही. नाही केली तर शांतपणे आत यायचं, पण आत आल्यावर मोकळं सोडायचं नाही, क्रेटमध्ये (कुत्र्याच्या पिंजऱ्यात) किंवा पट्टा तुमच्या कमरेला बांधून ठेवायची, पंधरा-वीस मिनिटांनी परत बाहेर. पहिल्या दिवशी मी पाच वेळा केलं हे. केली की तिथल्या तिथे, दोन-तीन सेकंदांत खाऊ द्यायचा, घरात येऊन डबा उघडून दिला तर तिला वाटतं घरात आल्याचं बक्षीस मिळालं.

आता यातली एक चूक जवळजवळ सगळेच करतात, मीही केली. कुत्र्याने शू केली की आपण लगेच घराकडे वळतो, थंडी असते, ऑफिसला उशीर होत असतो. बेसेंजी हे दोन-चार दिवसांत ताडते, की शू केली की फिरणं संपतं. मग ती धरून ठेवते, तुम्ही तासभर फिरवा, तळ्याला चक्कर मारा, ती हुंगत राहील पण करणार नाही, आणि घरी आलं की दोन मिनिटांत किचनमध्ये. हा खोडसाळपणा वाटतो पण तिच्या बाजूने बघा, फिरणं लांबवायचा तिला तेवढाच उपाय माहीत आहे. आम्ही उलटं केलं. आधी अंगणात किंवा गेटजवळ उभं राहायचं, शू झाली की "चला!" म्हणून फिरायला निघायचं, नाही झाली तर आत. दहाएक दिवसांत ती दाराबाहेर पडल्या पडल्या बसायला लागली, कारण आता शू केल्याने फिरणं सुरू होत होतं.

शब्द लावा एखादा. आई सहा महिने आमच्याकडे होती, ती रोज पाठीमागून म्हणायची, "कर गं बाई, शू कर", आणि चिंगीला तेच लागलं, आजही शेजाऱ्यांच्या अंगणातसुद्धा ते वाक्य म्हटलं की करते. युक्ती एवढीच की पहिले दोन आठवडे ती प्रत्यक्ष करत असतानाच म्हणायचं, त्याच्या आधी म्हणायचं नाही, नाहीतर तो शब्द नुसता कानावरून जातो.

पिल्लू असेल तर महिन्यांचं वय अधिक एक, जास्तीत जास्त तेवढे तास धरू शकतं असं धरा, म्हणजे तीन महिन्यांचं चार तास, तेही झोपेत. जागं असताना झोपून उठलं, खाल्लं, खेळलं, प्रत्येकानंतर बाहेर. ही जात मांजरासारखी स्वतःला चाटून पुसून ठेवते आणि झोपायची जागा घाण करत नाही, म्हणून क्रेट चांगला चालतो, पण क्रेट फक्त उभं राहून वळता येईल एवढाच असू द्या, मोठा असला तर एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात करते.

गादीवर, रजईवर करणं ही बेसेंजीवाल्यांची नेहमीची तक्रार. मऊ आणि शोषून घेणारी जागा त्यांना आवडते, त्यात पिल्लूपणी पी पॅडची (घरात शू करायला अंथरतात त्या शोषून घेणाऱ्या पॅडची) सवय लागली असेल तर पॅड आणि रजई त्यांना सारखीच. बेडरूमचं दार काही महिने बंद ठेवा, हाच खरा उपाय. झालंच तर घासू नका, टिपून घ्या आणि एन्झाइमवालं क्लीनर वापरा, अमोनिया असलेलं अजिबात नको, शूसारखाच वास येतो त्याला. जुने डाग सापडत नसतील तर रात्री दिवे बंद करून यूव्ही टॉर्च मारा, आम्हाला सोफ्यामागे तीन सापडले. तुम्ही घरी नसतानाच करत असेल तर जुना मोबाईल लावून रेकॉर्ड करा. एकटं राहायच्या भीतीने करणारी कुत्री तुम्ही गेल्यावर धापा टाकत येरझारा घालते, दार ओरबाडते, तिथे शू-शीचं ट्रेनिंग चालत नाही, एकटं राहायची सवय दोन-दोन मिनिटांपासून लावावी लागते.

आणि मारू नका, नाक घासू नका, ओरडूही नका. बेसेंजी यातून एवढंच शिकते की या माणसासमोर शू करायची नाही. मग पट्ट्यावर असताना ती करतच नाही आणि सोफ्यामागे जाऊन करते, आमचे ते तीन डाग पहिल्या महिन्यात मी ओरडले होते त्याचे आहेत.

काही तऱ्हा आहेत त्या तशाच राहू द्या. चिंगी मादी असून कधीकधी पाय वर करते, शी चालता चालता करते, तीन ठिकाणी थोडी थोडी, मी पिशवी हातात घालून मागे मागे जाते, इथे उचलली नाही तर दंड होतो आणि उचलायलाच हवी. आधी सात-आठ गिरक्या घेते, त्या मध्ये तोडल्या की परत पहिल्यापासून. बेसेंजी मादी वर्षातून एकदाच हीटवर (माजावर) येते, बहुतेक शरद ऋतूत, आणि तेव्हा जागोजागी थेंब थेंब शू करते, ट्रेनिंग विसरली असं समजू नका. ५ नोव्हेंबरला इथे फटाके असतात, दिवाळीही आगेमागे, तेव्हा साडेचारला अंधार व्हायच्या आधी फिरवून आणा, नंतर ती बाहेर येणार नाही आणि ते बरोबरच आहे तिचं.

बाकी ऐकण्याबद्दल. १९९४मध्ये स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञांनी हुकूम पाळण्यावरून कुत्र्यांच्या जातींची क्रमवारी लावली त्यात ७९ क्रमांकांत बेसेंजी ७८वी, आणि लोक लगेच मंद म्हणून मोकळे होतात. जिने फ्रिजचं दार उघडायला एकदा बघून शिकून घेतलं तिला मंद कसं म्हणायचं? बक्षीस तिच्या लेखी तोलामोलाचं हवं, कोरडी बिस्किटं नकोत, उकडलेलं चिकन नाहीतर चीज. तीन-चार मिनिटांचं ट्रेनिंग दिवसातून तीनदा, कंटाळायच्या आत थांबायचं. हाक एकदाच मारायची, पाच वेळा मारली तर पहिल्या चार फुकट असतात हे ती शिकते. आंघोळ, नखं कापणं यासाठी कधी हाक मारू नका, जाऊन उचलून आणा. बूट पळवला तर मागे धावायचं नाही, चिकन दाखवून अदलाबदल करायची. रस्त्यात अडून बसली तर ओढू नका, जेवढं ओढाल तेवढी ती पाय रोवते, बाजूला होऊन दुसऱ्या दिशेने दोन पावलं टाका, बहुतेक वेळा येते. आणि कुंपण नसलेल्या जागी पट्टा सोडू नका, कितीही ट्रेनिंग झालं तरी, खार दिसली की तुमचा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नीट शिकलेली बेसेंजी अचानक घरात शू करायला लागली तर तो तिचा हट्ट समजू नका, आधी तपासा. चिंगी पाच वर्षांची असताना रात्री दाराजवळ करायला लागली, मी तीन आठवडे तिलाच दोष दिला. आईने बघितलं की ती अंगणात चार-चार वेळा बसते आणि थेंबभरच येतं. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला, अँटिबायोटिकने बरा झाला, पण तीन आठवडे तिला दुखत होतं हे माझ्या मनातून जात नाही. थोडी थोडी, वारंवार म्हणजे बहुधा संसर्ग. भरपूर पाणी पिते आणि भरपूर करते, तर या जातीत पहिली शंका फॅन्कोनी या किडनीच्या आजाराची घ्या. यात किडनी साखर, अमिनो आम्लं, बायकार्बोनेट असं शरीराला लागणारं सगळं लघवीतून गळू देते, बहुतेक वेळा चार ते सात वर्षांच्या वयात सुरू होतं. लघवीत साखर असते पण रक्तातली साखर नॉर्मल असते, म्हणून रक्त न तपासता कोणी डायबेटिस म्हणून इन्सुलिन सुरू करू नये, धोक्याचं आहे. लवकर कळलं तर औषधांनी ही कुत्री वर्षानुवर्षं चांगली जगतात. २००७पासून यासाठी डीएनए टेस्ट आहे, पिल्लू घेताना आईबापाचे रिपोर्ट मागा, दाखवायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका.

आणि तीन वर्षांची झाली की दर महिन्याला घरीच लघवीतल्या साखरेची पट्टी लावून बघा, पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. सकाळची पहिली शू पकडायची. मादी खाली बसते तिथे वाटी जात नाही, आईने यावर आमटीची जुनी पळी काढून दिली, लांब दांड्याची, ती बसली की मागून हळूच सरकवायची, आधी आठवडाभर नुसती पळी जवळ नेऊन खाऊ दिला म्हणजे दचकत नाही. पट्टी बुडवायची, डबीवर लिहिलेत तेवढे सेकंद थांबायचं आणि डबीवरच्या रंगाशी लावून बघायचं. आमच्या किचनमधल्या कालनिर्णयवर प्रत्येक पहिल्या तारखेला एक टिक असते. रंग बदललेला दिसला तर नमुना झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी व्हेटकडे घेऊन जा.